वंशावळीची मास्टर फाइल एकच: सॉफ्टवेअरमध्ये डेटा भरायचा, सांभाळायचा आणि नातेवाइकांना द्यायचा कसा

फॅमिली ग्रुपवर एक जण ‘वंशावळ फायनल’ नावाची फाइल टाकतो. आठवड्याने दुसरा कोणी त्यात दोन नावं घालून ‘वंशावळ फायनल २’ टाकतो, तोवर तिसऱ्याने पहिलीच फाइल उतरवून घेऊन तिच्यात वेगळ्याच चार दुरुस्त्या केलेल्या असतात, आणि सहा महिन्यांनी बघावं तर पणजोबांच्या तीन जन्मतारखा, एक काकू दोनदा वारलेली आणि खरी फाइल कुठली ते कोणालाच माहीत नाही. हे आमच्याकडे झालंय, ते निस्तरायला माझे कितीतरी रविवार गेलेत, त्यामुळे मी आता जरा हट्टाने एकच सांगते: मास्टर फाइल एकच असते आणि ती एकाच माणसाकडे असते. बाकीच्यांकडे जातात त्या कॉप्या. आणि दुरुस्त्या परत येतात त्या निरोप म्हणून यायच्या, फाइल म्हणून नाही. “आत्याची जन्मतारीख चुकलीय, हा बघ दाखल्याचा फोटो” असा मेसेज आला की मी मास्टरमध्ये बदल करते आणि पुढची कॉपी काढते तेव्हा ती दुरुस्ती सगळ्यांकडे जाते. लोकशाही वगैरे गप्पांमध्ये ठीक आहे, डेटामध्ये नको.

आता हे करायचं कशात, ते आधी बघू.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं

ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर बसणारं सॉफ्टवेअर: ग्रॅम्प्स, रूट्समॅजिक, लेगसी फॅमिली ट्री, फॅमिली हिस्टोरियन, मॅक असेल तर मॅकफॅमिलीट्री. डेटा तुमच्या डिस्कवर राहतो, नेट नसलं तरी चालतं. दुसरा म्हणजे वेबसाइटवरचं तुमचं स्वतःचं झाड, अ‍ॅन्सेस्ट्री किंवा मायहेरिटेजवर असतं तसं, जिथे तुम्ही नातेवाइकांना बोलावू शकता पण झाड तुमचंच असतं. तिसरा म्हणजे अख्ख्या जगाचं मिळून एकच झाड, म्हणजे फॅमिलीसर्च किंवा विकीट्री, तिथे तुमचे पणजोबा हे फक्त तुमचे नसतात, त्यांच्या दुसऱ्या कुठल्याही पणतवाचेही असतात आणि त्याला वाटलं तर तो त्यांच्या माहितीत बदल करू शकतो. शोधाशोध करायला, हरवलेली शाखा सापडायला ही तिसरी जागा फार कामाची आहे, पण तिला मास्टर समजू नका. सकाळी उठून बघावं तर आजीचे आईवडील बदललेले असं होऊ शकतं, आणि बदलणाऱ्याने ते अगदी चांगल्या मनाने केलेलं असतं.

माझं मत विचाराल तर मास्टर कॉम्प्युटरवर ठेवा, आणि पैसे घालायचे नसतील तर ग्रॅम्प्स घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि पहिली स्थिर आवृत्ती २००४ सालची, म्हणजे बऱ्यापैकी मुरलेलं आहे. दिसायला जरा रुक्ष आहे आणि पहिले दोन दिवस डोकं खातं, हे मान्य. रूट्समॅजिक त्यामानाने लवकर हातात बसतं. यावर मी भांडणार नाही, कारण कुठलं सॉफ्टवेअर यापेक्षा त्यातून डेटा बाहेर कसा निघतो हे जास्त महत्त्वाचं आहे. पर्सनल अ‍ॅन्सेस्ट्रल फाइल म्हणजे पीएएफ हे एकेकाळी घरोघर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर होतं, ते २०१३ मध्ये बंद केलं. द मास्टर जिनिऑलॉजिस्ट २०१४ मध्ये थांबलं. फॅमिली ट्री मेकर बंद करणार असं २०१५ च्या शेवटी जाहीर झालं होतं, मग दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं म्हणून वाचलं. म्हणजे तुमचे पूर्वज दोनशे वर्षांचे आणि सॉफ्टवेअरचं आयुष्य पंधरा-वीस, असा हिशोब आहे. तेव्हा कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं की पहिल्याच दिवशी पाच माणसं भरा, एक्सपोर्ट करा, दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. पाच जण नीट उघडले तर पाचशे भरायला घ्या.

भरताना

सॉफ्टवेअरला काका, आत्या, मावशी, मामा काही कळत नाही. त्याला फक्त दोन गोष्टी कळतात, हे दोघं जोडीदार आणि हे त्यांचं मूल, बाकी सगळी नाती तो त्यावरून काढतो. त्यामुळे ‘बाबांचे चुलत काका’ असं नोटमध्ये लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही, ते ज्यांचे मुलगे ते आईवडील आधी भरावे लागतात, नाव माहीत नसलं तरी रिकामी व्यक्ती टाकून जागा धरून ठेवायची. आणि तो नातं दाखवेल ते बहुतेक ‘फर्स्ट कझिन’ असं, त्याला चुलतभाऊ आणि मामेभाऊ यातला फरक आपल्याला किती लागतो ते माहीत नाही. त्याचा राग मानू नका. दत्तक मूल असेल तर मूल आणि पालक यांच्यातल्या नात्याचा प्रकार बदलायची सोय जवळपास सगळीकडे असते, जन्माचं, दत्तक, सांभाळलेलं असं, तीच वापरा, म्हणजे एका व्यक्तीला दोन्ही आईवडील लावता येतात आणि काही लपवावं लागत नाही.

बायकांचं आडनाव जन्माचंच भरा. लग्नानंतरचं नाव ‘पर्यायी नाव’ म्हणून खाली जोडता येतं. नाहीतर एका घरातल्या चार सुना एकाच आडनावाच्या दिसतात, त्यांच्या माहेरची शाखा शोधायला गेलं की काही हाती लागत नाही, आणि खरं म्हणजे वंशावळीतली अर्धी माणसं त्या बाजूलाच असतात. माहेरचं आडनाव माहीत नसेल तर रिकामं ठेवा, सासरचं तिथे घुसडू नका. लिपीचंही तसंच: मुख्य नाव देवनागरीत की रोमनमध्ये ते एकदा ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा, दुसरं पर्यायी नाव म्हणून घाला. मी आधी मनाला येईल तसं भरलं होतं, तर यादी लावली की अर्धी माणसं ए टू झेडमध्ये आणि अर्धी त्याखाली अ ते ज्ञ मध्ये, म्हणजे एकाच घरातले सख्खे भाऊ यादीत दोन टोकांना.

तारखांवर मात्र जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. महिना कधीही आकड्यात लिहू नका. माझ्याकडे एका जुन्या वहीतून धाकट्या आजोबांची जन्मतारीख ३/११/१९३८ अशी उतरवलेली होती, म्हणजे ३ नोव्हेंबर. सॉफ्टवेअर महिना आधी धरणाऱ्या पद्धतीवर लावलेलं होतं, त्याने घेतली ११ मार्च. थोरले भाऊ २० सप्टेंबर १९३७ चे. म्हणजे दोन भावांमध्ये सहा महिनेसुद्धा नाहीत! माझ्या हे कित्येक दिवस लक्षातच आलं नाही, शेवटी डेटा तपासायचं टूल चालवलं तेव्हा त्याने लाल खूण करून दाखवलं. ते टूल बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं, ग्रॅम्प्समध्ये ‘व्हेरिफाय द डेटा’ नावाने आहे, आईच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल, दहा वर्षांचा बाप, १३० वर्षं जगलेली आजी असले नमुने ते शोधून देतं. दर पन्नासेक माणसं भरून झाली की चालवत जा.

आणि तारीख नक्की माहीत नसेल तर अंदाजाला खरी तारीख बनवू नका. ‘सुमारे १९१०’, ‘१९१५ च्या आधी’, ‘१९०८ ते १९१२ च्या मध्ये’ हे सगळं लिहायची रीतसर सोय आहे. कित्येक जण वर्षच माहीत असलं तर १ जानेवारी टाकतात. मग दहा वर्षांनी त्या फाइलमध्ये घराण्यातले चौदा जण एक जानेवारीला जन्मलेले दिसतात आणि कोणते खरे कोणते ठोकून दिलेले ते टाकणाऱ्यालाही आठवत नाही.

ठिकाणाच्या रकान्यात लहानाकडून मोठ्याकडे, मध्ये स्वल्पविराम देत जायचं, गाव, जिल्हा, राज्य, देश. एवढंच, पण प्रत्येक वेळी तसंच.

आता कंटाळवाणं पण ज्याच्यावाचून पुढे सगळं पोकळ ते, म्हणजे ही माहिती कुठून आली. प्रत्येक तारखेला सोर्स जोडा. जन्मदाखला, लग्नपत्रिका, थडग्यावरचा किंवा स्मारकावरचा मजकूर, किंवा नुसतं ‘मोठ्या मावशीने फोनवर सांगितलं, अमुक तारखेला’ एवढं लिहिलं तरी चालतं, उलट तेच सगळ्यात महत्त्वाचं कारण दाखला परत काढता येईल, मावशी परत सांगायला असेलच असं नाही. ग्रॅम्प्समध्ये सोर्स एकदा बनवायचा (उदाहरणार्थ ती जुनी वही) आणि तिचं कुठलं पान ते प्रत्येक ठिकाणी सायटेशन म्हणून लावायचं, शिवाय त्यावर किती भरवसा ठेवायचा त्याच्याही पाच पायऱ्या आहेत, अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत. दोन नातेवाईक दोन वेगळ्या तारखा सांगतात तेव्हा दोन्ही ठेवा, प्रत्येकीला तिचा सोर्स लावा, आणि तुम्हाला पटते ती मुख्य करा. दुसरी खोडू नका. वाद मिटतो असं नाही, पण निदान तोच वाद दर वर्षी पहिल्यापासून घालावा लागत नाही.

गेडकॉम म्हणजे काय, एकदा उघडून बघाच

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात डेटा न्यायला जी फाइल लागते ती गेडकॉम, तिच्या नावाच्या शेवटी डॉट जीईडी असतं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चच्या वंशेतिहास विभागाने हा फॉरमॅट काढला, आज तो फॅमिलीसर्चच्या नावाने चालतो. लोक या फाइलला उगीच घाबरतात. ती साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडा. (कॉपी उघडा, मूळ नको.)

आत इंग्रजी अक्षरांत ओळीच ओळी दिसतील. प्रत्येक ओळ एका आकड्याने सुरू होते. शून्याने सुरू झाली म्हणजे नवीन नोंद, उदाहरणार्थ शून्य, मग दोन अ‍ॅट चिन्हांच्या मध्ये आय आणि एक नंबर, आणि पुढे आयएनडीआय हे चार अक्षरी टॅग, म्हणजे इथून एक माणूस सुरू झाला. त्याखाली एकने सुरू होणारी ओळ, नेम, आणि पुढे नाव, त्यात आडनाव दोन तिरक्या रेघांच्या मध्ये. मग एक, बीआयआरटी, म्हणजे जन्म. त्याच्या खाली दोनने सुरू होणारी ओळ डेट आणि आणखी एक दोनने सुरू होणारी पीएलएसी, म्हणजे ही तारीख आणि हे ठिकाण वरच्या जन्माचं. शून्याच्या पोटात एक, एकाच्या पोटात दोन. झालं, एवढंच गणित. कुटुंबाची नोंद वेगळी असते, तिचं टॅग एफएएम, तिच्यात नवरा, बायको आणि मुलं यांचे नुसते नंबर असतात. शेवटची ओळ शून्य टीआरएलआर. ती ओळ नसेल तर फाइल अर्धवट आलीय, डाउनलोड पुन्हा करा.

हे बघून ठेवायचं कारण असं की काहीतरी बिघडलं की कुठे बिघडलं ते तिथे दिसतं. आडनावाच्या तिरक्या रेघाच नाहीत म्हणून पुढच्या सॉफ्टवेअरने अख्खं नाव ‘नावा’त टाकलं, असं मी तिथेच पकडलं होतं. तसंच अंडरस्कोअरने सुरू होणारी टॅग दिसली तर समजायचं की हे त्या सॉफ्टवेअरचं घरचं आहे, दुसरा त्याला ओळखेलच असं नाही. तुम्ही खास रंग, खास लेबलं, टू-डू याद्या भरल्या असतील तर त्या बहुतेक इथेच गळतात. म्हणून ज्याच्यावाचून चालणार नाही अशी माहिती नेहमीच्या रकान्यात किंवा नोटमध्ये ठेवा, त्या सॉफ्टवेअरच्या खास फीचरमध्ये नको.

देवनागरी वापरणाऱ्यांसाठी एक सगळ्यात महत्त्वाचं. एक्सपोर्ट करताना ‘कॅरेक्टर सेट’ किंवा ‘एन्कोडिंग’ (म्हणजे फाइलमध्ये अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची) असा पर्याय विचारला तर यूटीएफ-८ निवडा, त्यात देवनागरी नीट राहते. गेडकॉमच्या जुन्या ५.५ आवृत्तीच्या काळात अ‍ॅन्सेल नावाची पद्धत चालायची, ती युरोपीय अक्षरांसाठी होती, आणि अ‍ॅन्सी निवडलंत तर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते, ती नावं परत येत नाहीत, कारण फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिलेली असतात. ५.५.१ आवृत्तीत यूटीएफ-८ आलं, ती १९९९ मध्ये मसुदा म्हणून आली आणि गंमत म्हणजे अधिकृत व्हायला २०१९ उजाडलं, मधली वीस वर्षं सगळे मसुद्यावरच चालले होते. २०२१ मध्ये ७.० आली, तिच्यात यूटीएफ-८ शिवाय दुसरं काही चालतच नाही, आणि फोटोंसकट सगळं एका झिपमध्ये बांधायची सोय आहे. पण समोरच्याचं सॉफ्टवेअर ७.० वाचतं का ते आधी विचारा, नसेल माहीत तर ५.५.१ पाठवा.

फोटो गेडकॉममध्ये नसतात. हे मी वेगळं लिहितेय कारण सगळे इथेच फसतात. साध्या डॉट जीईडी फाइलमध्ये फक्त फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता असतो, फोटो नाही. अ‍ॅन्सेस्ट्रीवरून झाड उतरवलंत तरी गेडकॉममध्ये चित्रं येत नाहीत. ग्रॅम्प्सवाल्याकडून ग्रॅम्प्सवाल्याकडे जायचं असेल तर डॉट जीपीकेजी पॅकेज काढा, त्यात फोटोंसकट सगळं येतं. नुसती डॉट ग्रॅम्प्स फाइल काढली तर डेटा पूर्ण पण फोटो नाहीत.

वाटायचं कसं

आधी हे ठरवा की समोरच्याला खरंच काय हवंय. दहातल्या नऊ नातेवाइकांना फाइल नको असते, त्यांना कागद हवा असतो. आजोबांपासून खाली सगळी शाखा दाखवणारा चार्ट पीडीएफमध्ये काढा आणि पाठवा, त्यांना झूम करून स्वतःचं नाव बघायचं असतं, ते बघून झालं की ते चूक सांगतात. मला सगळ्यात जास्त दुरुस्त्या अशाच मिळाल्यात. मुद्दाम काही जागी प्रश्नचिन्ह छापून पाठवा, ‘यांचं पहिलं नाव?’ असं. नुसती “माहिती असेल तर कळवा” अशी विनंती केली तर कोणी ढुंकून बघत नाही, पण छापलेली चूक किंवा रिकामी चौकट दिसली की लोकांचा हात शिवशिवतो.

दुसरं, आणि इथे मी स्वतः माती खाल्लीय. मी एकदा उत्साहात पूर्ण गेडकॉम फाइल ग्रुपवर टाकली. तिच्यात जिवंत माणसांच्या जन्मतारखा, कोणाचा मोडलेला पहिला संसार, एका लहानपणी गेलेल्या बाळाबद्दलची नोट, जी मला एका मामींनी विश्वासाने सांगितली होती, सगळं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, “हे तू लिहून ठेवलं होतंस?” मी फाइल काढून टाकली, पण तोवर किती जणांनी उतरवली असेल ते काय सांगावं. तेव्हापासून नियम असा की माझ्याकडून बाहेर जाणाऱ्या कुठल्याच फाइलमध्ये जिवंत माणसाचं नाव आणि नातं यापलीकडे काही नसतं, आणि कोणाला तेही नको असेल तर तेही नाही.

ग्रॅम्प्समध्ये हे असं करायचं: प्रत्येक नोंदीला, म्हणजे व्यक्ती, घटना, नोट सगळ्यांना, एक छोटं कुलूप असतं. नाजूक गोष्ट भरतानाच ते बंद करून टाका, “नंतर करू” म्हणालात की राहतं. मग फॅमिली ट्रीज मेनूतून एक्सपोर्ट निवडलं की फिल्टरचे पर्याय येतात. एका ठिकाणी ‘प्रायव्हेट’ खूण केलेलं वगळा असं आहे त्यावर टिक करा, दुसऱ्या ठिकाणी जिवंत व्यक्तींचं काय करायचं ते विचारतं, पूर्ण वगळायच्या, की नाव ठेवून बाकी माहिती काढायची, तिथे तुम्हाला हवं ते निवडा. शिवाय व्यक्तींचा फिल्टर लावून फक्त एकच शाखा देता येते, म्हणजे मावशीच्या सासरच्यांना आपली सगळी भावकी कशाला द्यायची. आता कोण जिवंत हे सॉफ्टवेअर ठरवतं कसं? मृत्यूची नोंद नसेल तर जन्मावरून आणि आसपासच्या नातेवाइकांच्या तारखांवरून अंदाज बांधतं, ग्रॅम्प्स आधीपासून ११० वर्षं ही मर्यादा धरतं. म्हणून जे वारलेत पण तारीख माहीत नाही त्यांना नुसतं ‘मृत्यू’ ही घटना तारखेशिवाय जोडून ठेवा, नाहीतर ते कागदोपत्री जिवंतच राहतात आणि तुमच्या एक्सपोर्टमधून गायब होतात.

एक्सपोर्ट झाली की पाठवण्याआधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून स्वतःची जन्मतारीख शोधा. सापडली तर फिल्टर लागलेला नाही. अर्धा मिनिट लागतं.

पाच-सहा जण खरंच मन लावून काम करणारे असतील, तर फाइल पाठवत बसण्यापेक्षा ऑनलाइन झाड बरं. अ‍ॅन्सेस्ट्रीवर बोलावलेल्याला पाहुणा, भर घालणारा किंवा संपादक असा दर्जा देता येतो, सुरुवात पाहुण्यापासून करा. घरात कोणी सर्व्हर चालवू शकणारं असेल तर वेबट्रीज बघा, ते फुकट आहे, २०१० पासून आहे, आणि त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे एखाद्याने बदल केला की तो आधी प्रलंबित राहतो, मॉडरेटरने हो म्हटल्यावरच पक्का होतो. म्हणजे आपला एक मास्टर, एक राखणदार हा नियम तिथे सॉफ्टवेअरच पाळून घेतं. ग्रॅम्प्स वापरणाऱ्यांना ग्रॅम्प्स वेब आहे, तेही स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं असतं.

कोणी फाइल पाठवली तर

थेट इम्पोर्ट करू नका. परत एकदा: थेट नको. माझ्या मावसभावाने त्याची गेडकॉम पाठवली, मी आनंदाने माझ्या झाडात इम्पोर्ट केली, आणि आमचे जे समान पूर्वज होते ते सगळे दोन-दोन झाले. सॉफ्टवेअर इम्पोर्ट करताना हे आजोबा आणि ते आजोबा एकच आहेत हे ओळखत नाही, ते निमूटपणे सगळ्यांना नवे म्हणून आत घेतं. मग मी घाईघाईत मर्ज करत सुटले, एकाच नावाचे आजोबा आणि नातू होते, त्यांना एक केलं, आणि तो माणूस स्वतःचाच आजोबा झाला. सॉफ्टवेअरने चार्ट काढायला घेतला तो बराच वेळ फिरतच राहिला.

बरोबर पद्धत अशी. आधी मास्टरचा बॅकअप. मग एक नवीन रिकामं झाड उघडायचं आणि पाहुणी फाइल त्यात इम्पोर्ट करायची. तिथे फिरून बघायचं, सोर्स आहेत का, तारखा विश्वास ठेवण्याजोग्या आहेत का, की सगळे एक जानेवारीचे. आपल्याला नवीन असलेली माणसं आठ-दहाच असतील तर ती हाताने भरा, खरंच सांगते, हाताने भरणं मर्ज करण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं, आणि भरताना प्रत्येक नाव डोळ्याखालून जातं. अख्खी शंभर जणांची शाखाच नवीन असेल तर पाहुण्या झाडातून फिल्टर लावून तेवढीच शाखा एक्सपोर्ट करा, ती मास्टरमध्ये घ्या, आणि जिथे जोड आहे तिथले एक-दोन डुप्लिकेट नीट बघून मर्ज करा. डुप्लिकेट शोधायचं टूल असतं, ते फक्त सुचवतं, निर्णय आपला. नाव जुळलं एवढ्यावर मर्ज नाही, आईवडील किंवा जोडीदार जुळला पाहिजे. आणि आलेल्या सगळ्यांना ‘अमुक भावाची फाइल, अमुक महिना’ असा एक सोर्स लावून टाका, पुढे त्यात मोठी चूक निघाली तर कुठली माणसं तिकडून आली ते शोधता येतं.

बॅकअप आणि फायलींची नावं

जास्त बोलत नाही. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे कॉम्प्युटर, बाहेरची डिस्क आणि क्लाउड. नावात ‘फायनल’ हा शब्द नको, तारीख हवी, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप ओळीने लागतात. ग्रॅम्प्समध्ये बंद करताना आपोआप बॅकअप घ्यायची सेटिंग आहे. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमधला बॅकअप हा खरा बॅकअप, गेडकॉम ही फक्त जोडीला, कारण तिच्यात थोडं गळतं ते वर सांगितलंच.

फोटोंच्या नावांसाठी मी एक जुनी युक्ती वापरते, तिला आनेनटाफेल म्हणतात, १५९० मध्ये मिखाएल आयट्सिंगर याने छापली होती. तुम्ही १. वडील २, आई ३. पुढे कोणाच्याही वडिलांचा नंबर म्हणजे त्याच्या नंबरची दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. आईचे वडील ६, त्यांची आई १३. फाइलच्या नावात पुढे तो नंबर, मग वर्ष, मग प्रसंग. काका-मावश्यांना यात नंबर नसतो, त्यांचे फोटो त्यांच्या आईवडिलांच्या नंबरखाली टाकते. एवढं केलं तर सॉफ्टवेअर उद्या गेलं तरी फोल्डर बघून कोण कुणाचं ते कळतं.

गेल्या वर्षी मी माझ्यानंतर हे सगळं भाचीकडे जावं असं ठरवलं. एका पानावर लिहून दिलं: मास्टर कुठे आहे, कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, क्लाउडचा पासवर्ड कुठे ठेवलाय. आणि तिला म्हटलं, मला न विचारता तुझ्या लॅपटॉपवर उघड आणि खापरपणजीचं माहेरचं आडनाव शोधून सांग. आडनाव तिने दहा मिनिटांत सांगितलं. मग म्हणाली, मावशी, पण फोटो एकही दिसत नाहीये. सगळ्या चौकटी रिकाम्या. बघितलं तर प्रत्येक फोटोचा पत्ता माझ्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हपासून सुरू होत होता, जो तिच्याकडे नव्हताच. ग्रॅम्प्सच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाचा मूळ फोल्डर एकदा सांगायची जागा आहे, तो लावला, मग मीडिया मॅनेजर टूल चालवून सगळे पत्ते त्या फोल्डरपासूनचे करून घेतले, ती अख्खी गोष्ट वीसेक मिनिटांची होती आणि मी इतकी वर्षं केली नव्हती. नंतर तिने फक्त स्वतःच्या लॅपटॉपवरचा फोल्डर दाखवला आणि फोटो आले. एका फोटोत मागच्या रांगेत उभी असलेली मुलगी कोण ते मी रिकामंच ठेवलं होतं, भाचीने तिच्या आजीला विचारून दुसऱ्या दिवशी कळवलं. मेसेज करून, फाइल पाठवून नाही.